लिलावाचे नियम लिहिणारी नोकरी असते का?

पत्र : मी निफाड तालुक्यातली. नाशिकला कॉलेज रोडवरच्या एका कॉलेजात टी.वाय.बी.एस्सी.ला आहे, विषय गणित. गेल्या वर्षी गेम थिअरीची (एकमेकांच्या चालीवर अवलंबून असणाऱ्या निर्णयांच्या गणिताची) तोंडओळख झाली आणि २०२० चे अर्थशास्त्राचे नोबेल लिलावांवर काम करणाऱ्या दोघांना मिळाले होते हे वाचले. आमचा कांदा लासलगावला जातो. वडील म्हणतात, ‘ट्रॉलीभोवती दहा व्यापारी उभे असतात, पण बोली दोघांचीच.’ बाजाराचे नियम बदलून हे सुधारता येते का, आणि असे काम करणारी अर्थतज्ज्ञ व्हायचे तर काय शिकावे लागते? घरच्यांना बी.एड. किंवा बँकेची परीक्षा हवी आहे. नाशिक कायमचे सोडावे लागेल का, हेही सांगा.

उत्तर : काम आहे, चांगले आहे, पण ‘मार्केट डिझायनर पाहिजे’ अशी जाहिरात तुम्हाला कुठल्याच वर्तमानपत्रात दिसणार नाही. हे लोक विद्यापीठांत प्राध्यापक असतात, वीज एक्स्चेंजमध्ये विश्लेषक असतात, जाहिरातींचा लिलाव चालवणाऱ्या कंपन्यांत संशोधक असतात, नाहीतर सरकारला सल्ला देणाऱ्या संस्थांत. हुद्दा वेगळा, काम एकच: कोणी, कधी, कशावर बोली लावायची आणि जिंकणाऱ्याने किती मोजायचे, याचे नियम लिहिणे, आणि ते नियम वाकवायला लोक काय काय करतील याचा अंदाज आधीच बांधणे.

वडिलांच्या वाक्यापासून सुरुवात करू, कारण त्यांनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. आपल्याकडचा कांद्याचा लिलाव उघड आणि चढत्या बोलीचा. बोली सगळ्यांना ऐकू येते, वेळ कमी लागतो, शेतकरी समोर उभा असतो. या पद्धतीची कमजोरीही तिथेच आहे. व्यापाऱ्यांत आपसांत समजूत असेल आणि एकाने ती मोडून वर बोली लावली, तर तो त्याच क्षणी सगळ्यांना दिसतो. त्याला धडा शिकवायला पुढची ट्रॉली दहा पावलांवर उभीच आहे. म्हणून उघड लिलावात समजूत टिकते. बंद बोलीत, म्हणजे प्रत्येकाने आपला भाव गुपचूप नोंदवायचा आणि मग सगळे एकदम उघडायचे, अशा पद्धतीत समजूत मोडणारा माल घेऊन मोकळा होतो आणि बाकीच्यांना नंतर कळते. दगा देणे फायद्याचे ठरते, म्हणून समजूतच कच्ची राहते.

मग सगळीकडे बंद बोली का नाही? कारण माल. ट्रॉलीच्या वरचा कांदा आणि तळाचा कांदा सारखा असेलच असे नाही. खरेदीदाराला हात घालून पाहायचे असते, आणि इतरांची बोली ऐकून तो आपला अंदाज सुधारतो. १४ एप्रिल २०१६ ला सुरू झालेल्या ई-नाममध्ये, म्हणजे बाजार समित्यांना जोडणाऱ्या केंद्र सरकारच्या ऑनलाइन मंचावर, ऑनलाइन बोलीची सोय आहे. पण प्रतवारी विश्वासार्ह नसेल तर दूरचा व्यापारी न पाहिलेल्या मालावर भाव लावायला धजत नाही. लावलाच तर धोका धरून कमी लावतो. नियम कागदावर कितीही देखणा असो, प्रतवारीच्या टेबलावर तो अडकतो. तुमच्या करिअरमधला निम्मा वेळ असल्या टेबलांवर जाणार आहे, हे आत्ताच लक्षात ठेवा.

बोलीतून इशारे देणे ही काही आपल्याकडचीच कला नव्हे. अमेरिकेत १९९६-९७ च्या स्पेक्ट्रम (मोबाइल, टीव्हीसाठीच्या रेडिओ लहरींच्या) लिलावात यूएस वेस्ट या कंपनीला रोचेस्टर शहराच्या परवान्यावरून मॅकलिऑड या छोट्या कंपनीला हटवायचे होते. त्या परवान्याचा लॉट क्रमांक ३७८. यूएस वेस्टने आयोवातल्या दुसऱ्याच परवान्यांवर, जिथे मॅकलिऑड पुढे होती, ३,१३,३७८ डॉलर आणि ६२,३७८ डॉलर अशा बोली लावल्या. शेवटचे तीन आकडे म्हणजे निरोप: ‘३७८ सोड, नाहीतर इथे तुझा खर्च वाढवतो.’ मॅकलिऑडने तो परवाना सोडला. नंतर अमेरिकी नियामकाने बोलीचे आकडे मनाला येतील तसे लिहिण्याची मुभा काढून घेतली. ठरावीक पायऱ्यांमधूनच निवडायचे. दुरुस्ती एवढीच, पण इशाऱ्याची जागाच गेली. या शाखेतले चांगले काम बहुतेक वेळा असेच दिसते: बारीक, कंटाळवाणे वाटणारे, आणि नेमके.

नियमातली एक ओळ राहून गेली तर काय होते, याचा नमुना न्यूझीलंडचा. तिथे १९९० मध्ये स्पेक्ट्रमच्या लिलावात ‘सर्वांत मोठी बोली जिंकेल, पण पैसे दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतके द्यायचे’ हा नियम वापरला. सिद्धान्त म्हणून तो सुंदर आहे. विल्यम विक्रे यांनी १९६१ मध्ये त्याचे विश्लेषण केले आणि १९९६ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. पण सरकारने किमान किंमत ठेवली नाही आणि बोली लावणारे मोजकेच होते. एका कंपनीने एक लाख डॉलरची बोली लावून ६ डॉलर भरले. एका विद्यार्थ्याने एका लहान शहराच्या टीव्ही परवान्यावर १ डॉलरची बोली लावली. दुसरी बोलीच नव्हती, म्हणून त्याने काहीच भरले नाही. उलट टोक आपल्या देशात दिसले: २०१६ च्या स्पेक्ट्रम लिलावात ७०० मेगाहर्ट्झ पट्ट्याची राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली विकायचेच नाही ती, इतकी चढी होती की कोणीही हात लावला नाही, आणि २०२१ मध्येही तो तसाच पडून राहिला. राखीव किंमत हे दुधारी हत्यार आहे.

जेरेमी ब्युलो आणि पॉल क्लेम्पेरर या अर्थतज्ज्ञांचा १९९६ चा एक निष्कर्ष म्हणूनच व्यवहारात फार उपयोगी पडतो. काही अटी धरल्या, तर राखीव किंमत अगदी अचूक ठरवून विक्रेत्याला जितका फायदा होतो, त्यापेक्षा एक जादा खरा बोलीदार आणल्याने जास्त होतो. निफाडच्या भाषेत सांगायचे तर लिलावाची पद्धत बदलण्याआधी हे विचारा की अकरावा व्यापारी का येत नाही. परवाना अडतो, गाळा मिळत नाही, खळ्याला (माल ओतून निवडायच्या आवाराला) जागा नाही, की रोख पैसे लवकर चुकते करण्याची ताकद नाही? उत्तर यातले कोणतेही असू शकते आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

कर्नाटकाने याची मोठी चाचणी केली. २०१४ पासून तिथल्या बाजार समित्या एका ऑनलाइन मंचावर आणल्या गेल्या, म्हणजे एका बाजारातल्या मालावर दुसऱ्या बाजारातला व्यापारी बोली लावू शकतो. रेत्सेफ लेवी, यानचाँग झेंग या संशोधकांनी आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये मांडलेल्या अभ्यासात भात, भुईमूग आणि मका यांच्या भावात साधारण ३ ते ५ टक्के वाढ दिसली. कापूस, मूग आणि तुरीत ठळक फरक दिसला नाही. मंच तोच, परिणाम पिकानुसार वेगळा. याच गटाने पुढे कडधान्यासाठी दोन टप्प्यांचा लिलावही तिथे प्रत्यक्ष राबवून पाहिला: पहिल्या टप्प्यात सगळ्यांनी बंद बोली लावायची, वरच्या काहींनाच दुसऱ्या टप्प्यात बोली वाढवायची संधी. तुम्हाला जे काम करायचे आहे, त्याच्या सगळ्यात जवळचे उदाहरण हे आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, मनाला लागली तरी. कांद्याचा भाव पडतो त्यामागे लिलावाच्या पद्धतीचा वाटा लहान असतो. १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यातशुल्क लागले, ८ डिसेंबरला निर्यातबंदी आली, ४ मे २०२४ ला ती उठली पण शुल्क आणि किमान निर्यातमूल्य राहिले, सप्टेंबरमध्ये शुल्क २० टक्के झाले आणि १ एप्रिल २०२५ ला शून्य. ज्या व्यापाऱ्याला पुढच्या महिन्यात बंदर उघडे असेल की बंद हे माहीत नाही, तो बोली लावताना हा धोका भावातून कापून घेणारच. लिलावाचे नियम कितीही निर्दोष केले तरी हा कापलेला भाग परत येत नाही. ‘मी अर्थतज्ज्ञ होऊन कांद्याला भाव मिळवून देईन’ असे मनात धरून या क्षेत्रात येऊ नका. क्विंटलमागे काही रुपयांची गळती कुठे होते ते शोधून बुजवणे, एवढे या शाखेला जमते. हजारो ट्रॉलींवर ते थोडके नाही.

आता या शाखेची दुसरी फांदी, जिथे पैशाचा भावच नसतो. तुम्ही स्वतः अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशातून गेला असाल, तर ती तुम्ही अनुभवली आहे. तीन विद्यार्थी, क, ख, ग ही तीन कॉलेजे, प्रत्येकात एक जागा घ्या. सईला ९५ टक्के, ओंकारला ९२, रेवाला ८८. सई आणि ओंकार दोघांची पसंती क, मग ख, मग ग. रेवाची ख, मग क, मग ग. पहिली पद्धत: फेरीत ज्यांनी कॉलेजला पहिली पसंती दिली त्यांच्यातून गुणांनुसार जागा कायमची देऊन टाकायची. क सईला, ख रेवाला. ओंकार क मध्ये नाकारला गेला, आणि ख तोवर भरले. त्याला ग. म्हणजे ९२ वाला ८८ वालीच्या मागे राहिला, का तर त्याने खरी पसंती लिहिली. पुढच्या वर्षी शहाणे पालक मुलाला खोटा क्रम लिहायला लावतात. बोस्टनच्या शाळांत २००५ पर्यंत ही पद्धत होती आणि तिथे पालकांचे गट असला हिशेब एकमेकांना समजावून सांगत असत.

दुसरी पद्धत डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांची, १९६२ ची. जागा शेवटपर्यंत तात्पुरतीच धरायची. पहिल्या फेरीत क सईला धरते, ख रेवाला. नाकारलेला ओंकार ख कडे जातो. त्याचे गुण जास्त, म्हणून ख रेवाला सोडून त्याला धरते. रेवा क कडे जाते, तिथे सई आहे, मग ग. आता कोणालाही खोटा क्रम लिहून फायदा नाही, हे गणिताने सिद्ध करता येते. ती सिद्धता एक-दोन पानांची आहे. ती स्वतः, पुस्तक न पाहता, लिहून पाहा. ती लिहिताना मजा आली तर या क्षेत्रात तुमचे मन रमेल. आली नाही तर तेही आत्ताच कळलेले बरे.

पण त्या सिद्धतेत एक अट लपलेली आहे: यादी हवी तेवढी लांब असली पाहिजे. आपल्या अकरावी प्रवेशात जास्तीत जास्त १० पसंती देता येतात. गुण काठावरचे असतील, तर दहाच्या दहा नामांकित कॉलेजे लिहिणारा हात हलवत परत येऊ शकतो. म्हणून कोणती दहा निवडायची यात डावपेच आलाच. निवडलेल्या दहांचा आपसांतला क्रम मात्र खराच ठेवावा; तिथे चतुराई करून काही हाती लागत नाही. शिवाय पहिली पसंती मिळाली की प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर नियमित फेऱ्यांतून बाहेर. असा एकेक नियम घेऊन ‘याने कोणाचे वागणे बदलेल?’ हे विचारण्याची सवय लावून घ्या.

शॅप्ली आणि अल्विन रॉथ यांना २०१२ मध्ये नोबेल मिळाले. रॉथ यांनी अमेरिकेतल्या नव्या डॉक्टरांना रुग्णालये वाटून देणारी पद्धत इलियट पेरॅनसन यांच्यासोबत नव्याने बांधली. ती १९९८ च्या वाटपात वापरली गेली. त्यातली किचकट अडचण होती नवरा-बायको दोघेही डॉक्टर असण्याची: दोघांना एकाच शहरात जागा हवी असते, आणि अशी जोडपी आली की गेल-शॅप्लीची हमी मोडते. तिथे गणित ‘उत्तर असेलच असे नाही’ म्हणते आणि अभियंत्यासारखे काम सुरू होते: प्रत्यक्ष आकडे घालून हजारदा चालवून बघायचे. रॉथ यांची डॉक्टरेट अर्थशास्त्रातली नसून ऑपरेशन्स रिसर्चमधली (गणिताने कामकाजाचे निर्णय सुधारण्याच्या शास्त्रातली), हे घरी जरूर सांगा. २०२० चे विजेते पॉल मिलग्रोम मुळात तुमच्यासारखेच गणिताचे पदवीधर; काही वर्षे विमा क्षेत्रात गणिती म्हणून काम करून मग ते पीएच.डी.कडे वळले. त्यांचे आणि रॉथ यांचे मार्गदर्शक एकच, रॉबर्ट विल्सन. मिलग्रोमसोबत २०२० चे नोबेल मिळवणारे तेच.

भारतात या फांदीवर सध्या सर्वांत रसाळ प्रश्न आरक्षणाच्या नियमांचा आहे. महिलांचे समांतर आरक्षण, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आत महिलांसाठी ठेवलेल्या जागा, घ्या. काही राज्यांच्या भरतीत अशी प्रथा होती की खुल्या प्रवर्गातल्या महिलांच्या जागांसाठी मागास प्रवर्गातल्या महिलेचा विचारच करायचा नाही. मग जास्त गुणांची ओबीसी उमेदवार बाहेर आणि कमी गुणांची खुल्या प्रवर्गातली आत, असे घडत असे. तायफुन सोन्मेझ आणि बुमिन येनमेझ या अर्थतज्ज्ञांनी १९९५ पासून चालत आलेल्या पद्धतीतला हा दोष गणिताने दाखवला. सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०२० रोजी उत्तर प्रदेश पोलीस भरतीच्या खटल्यात स्वतंत्रपणे हाच दोष दूर केला. निकालपत्र आणि शोधनिबंध शेजारी ठेवून वाचा. कायदा, गणित आणि माणसाची नोकरी एकाच पानावर आलेली क्वचित दिसते. आयआयटी आणि एनआयटीच्या जागा २०१५ पासून एकत्र वाटल्या जातात, तिथेही आपल्याच देशातल्या संगणकशास्त्रज्ञांनी गेल-शॅप्लीची पद्धत आरक्षणाच्या नियमांत बसवून दाखवली आहे.

आता शिक्षण. गणित ही तुमची जमेची बाजू आहे, ती सोडू नका. रिअल अ‍ॅनालिसिस, लिनिअर अल्जेब्रा, संभाव्यता आणि ऑप्टिमायझेशन, या चारांत तुमची पकड घट्ट हवी. घट्ट म्हणजे परीक्षेपुरती पाठ केलेली सिद्धता नव्हे. न पाहिलेला प्रश्न स्वतः सोडवता येणे. अर्थशास्त्रातून पदवी पातळीचे मायक्रोइकॉनॉमिक्स वर्षभर मन लावून वाचा. गेम थिअरी आणि मेकॅनिझम डिझाइन (हवा तो परिणाम देणारे नियम बांधण्याचे शास्त्र) यांचा आयआयटी मुंबईच्या स्वप्रव नाथ यांचा एनपीटेलवरचा ऑनलाइन कोर्स मोफत आहे, परीक्षा द्यायची असेल तरच फी. पायथन शिका: गेल-शॅप्लीचा प्रोग्राम पन्नासेक ओळींत होतो. मग त्यात दहा पसंतींची मर्यादा घाला आणि काय बिघडते ते बघा.

पदव्युत्तरसाठी पहिली पसंती इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचा क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्सचा दोन वर्षांचा एम.एस., दिल्ली किंवा कोलकाता. गणिताची पदवी चालते, शिकवणी शुल्क नाही आणि वर विद्यावेतन मिळते. दिल्ली केंद्रात अरुणवा सेन आणि देवाशिष मिश्र यांच्यामुळे हा विषय खोलवर रुजला आहे. प्रवेशपरीक्षा साधारण मे महिन्यात: एक बहुपर्यायी गणिताचा पेपर, एक लेखी अर्थशास्त्राचा. मागच्या वर्षांचे पेपर संस्थेच्या संकेतस्थळावर आहेत, तेच खरे क्लास. दुसरे पर्याय: दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, तिथे सीयूईटी-पीजी ही सामाईक प्रवेशपरीक्षा लागते, मुंबईत गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, पुण्यात १९३० पासूनची गोखले संस्था. घरच्यांना जवळचे हवे असेल तर शेवटच्या दोन. मात्र लिलाव आणि वाटप याच विषयावर तिथे कोण शिकवते आहे, हे प्रवेशाच्या वर्षी प्राध्यापकांच्या यादीत बघून घ्या. नावाजलेली संस्था आणि आपल्या विषयाचा मार्गदर्शक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

इथेच बरेच जण फसतात. पदव्युत्तरला सोपे पडेल म्हणून गणित कमी असलेला अभ्यासक्रम घेतात आणि पीएच.डी.च्या दारात अडतात. दुसरा प्रकार उलटा: गणित पक्के, पण एकाही बाजाराची आतली माहिती नाही. अशांच्या प्रबंधात समीकरणे भरपूर, आणि कोणत्याही बाजार समितीचा सचिव दोन मिनिटांत विचारेल त्या प्रश्नाला उत्तर नाही. तुमच्याकडे दुसरी बाजू जन्मापासून आहे, म्हणून सगळा जोर पहिलीवर लावा.

स्वतः नियम लिहायचे असतील तर पीएच.डी. लागते. भारतात पाचेक वर्षे धरा. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये, वर घरभाडे. अमेरिकेत पाच-सहा वर्षे, चांगल्या विद्यापीठात फी माफ आणि विद्यावेतन; पण तिथे गुणांइतकेच वजन शिफारसपत्रांना, म्हणून पदव्युत्तरनंतर एक-दोन वर्षे कोणा संशोधकाकडे सहायक म्हणून काम करणे आता जवळजवळ रीतच झाली आहे. गंमत म्हणजे अर्थशास्त्राच्या पीएच.डी. झालेल्यांचा नोकरीबाजारही याच लोकांनी सुधारला. एक उमेदवार शंभर ठिकाणी अर्ज करतो, मग कोणाला खरा रस आहे हे विद्यापीठाला कळणार कसे? २००६ पासून प्रत्येकाला फक्त दोन ‘इशारे’ पाठवता येतात. दोनच, म्हणून त्यांना किंमत.

इतकी वर्षे नको असतील तर पदव्युत्तर आणि प्रोग्रामिंग यांवर वीज एक्स्चेंज, जाहिरात लिलाव, वाहतूक आणि खरेदी मंच अशा ठिकाणी काम मिळते. वीज बाजाराकडे आपल्या मुलांचे लक्षच नाही. उद्याच्या विजेच्या बाजारात दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे असतात, प्रत्येकात विकणारे आणि घेणारे दोघेही बंद बोली लावतात, आणि जिथे दोन्ही रेषा छेदतात तो एकच भाव सगळ्यांना लागू होतो. रोजचे भाव जाहीर होतात. अभ्यासाला याहून स्वच्छ आकडे मिळणे कठीण.

घरच्यांच्या पर्यायांबद्दल. बँकेच्या परीक्षेला वेग लागतो, वर सांगितलेल्या प्रवेशाला एका प्रश्नावर तासभर बसण्याची सवय. दोन्ही तयाऱ्या एकाच वर्षात केल्या की दोन्ही अर्धवट राहतात. घरी एका वर्षाची मुदत मागा, लेखी हवे तर लेखी: पुढच्या मेपर्यंत प्रवेश मिळाला नाही तर बँकेची तयारी. बी.एड. नंतरही करता येते. नाशिकबद्दल विचाराल तर शिकायला बाहेर जावेच लागेल. परत येऊन पूर्णवेळ हेच काम मिळेल अशा जागा इथे सध्या हाताच्या बोटांवर. पण संशोधनाचा विषय इथे भरपूर आहे. द्राक्षांचेच बघा: सौदा बागेत होतो, लिलाव नाही, दुसरी बोली नाही, आणि माल गेल्यावर पैसे बुडवून व्यापारी पसार झाल्याच्या तक्रारी हंगामागून हंगाम येतात. पैशाची हमी कोणी द्यायची, आगाऊ किती ठेवायचे, व्यापाऱ्याची पत शेतकऱ्याला आधी कळावी कशी, हा निखळ मार्केट डिझाइनचा प्रश्न आहे.

आणि वडिलांचे वाक्य तपासायला पदवीची वाट पाहू नका. बाजार समितीच्या सचिवांना कॉलेजच्या पत्रासह अर्ज करा. उन्हाळ कांदा चाळीतून सलग येत असतो त्या जून-जुलैत पंधरा दिवस निवडा. सुटीचे दिवस आणि अमावस्येचे काय, ते आधी विचारून घ्या. रोज ४० वाहने, म्हणजे ६०० नोंदी. प्रत्येकाची रांगेतली जागा, वेळ, ट्रॉली की पिकअप, पहिली बोली, शेवटची बोली, आणि किती वेगवेगळ्या व्यापाऱ्यांनी तोंड उघडले. उभे किती हे मोजून उपयोग नाही, बोलले किती हे मोजा. सौदा बहुधा मिनिटाच्या आत संपतो, म्हणून दोघींनी मिळून करा: एकीने भाव लिहायचा, दुसरीने माणसे मोजायची. खळ्यावर माल ओतल्यावर भाव कापला का, हे शेतकऱ्याला विचारून वेगळ्या रकान्यात लिहा. पट्टीवरचा (हिशेबाच्या पावतीवरचा) भाव आणि पुकारलेला भाव यांतला फरक तिथेच सापडतो.

सगळ्यात मोठी चूक प्रतवारीत होते. जिथे जास्त व्यापारी बोलले तिथे भाव जास्त, असे आकडे दाखवतील. पण चांगल्या मालावर जास्त लोक बोलतातच. म्हणून परवानगीने प्रत्येक वाहनातले २० कांदे कॅलिपरने मोजा, मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढा, गोलटी (बारीक कांदा), कोंब आलेले आणि काजळी धरलेले वेगळे मोजा. एकाच आकाराच्या, एकाच तासातल्या वाहनांची आपसांत तुलना करा. त्या दिवसाचा किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव अ‍ॅगमार्कनेट या सरकारी संकेतस्थळावर असतो, त्याच्याशी पडताळा. व्यापाऱ्यांची नावे लिहू नका, अ, ब, क पुरे. नावे दिसली की दुसऱ्या दिवशी तुम्हाला ट्रॉलीजवळ उभे राहू देणार नाहीत. या ६०० ओळी, दोन पानांचा निष्कर्ष आणि काय मोजता आले नाही याचा एक परिच्छेद, एवढे घेऊन पदव्युत्तरच्या पहिल्या सत्रात तुमच्या प्राध्यापकांकडे जा.